निद्राभारमीमांसा : चोपडा तालुक्यातील शयनव्यवहार व देहभार यांच्या संबंधाचे प्राथमिक विवेचन

तापीच्या दक्षिणेस, अमळनेरात, प्रतापशेठांच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुरीय या अवस्थाचतुष्टयाचा ऊहापोह करण्यास खानदेशात हक्काची वास्तू लाभली. नदीच्या उत्तरेस, चोपडा तालुक्यात, यांपैकी तिसऱ्या अवस्थेचा साक्षात् अनुभव त्याआधीपासून घेतला जात होता आणि आजही रोज, विशेषतः दुपारी दीड ते साडेतीनच्या दरम्यान, घेतला जातो. तथापि अनुभव विपुल आणि शास्त्र शून्य अशी येथील स्थिती आहे. केळीवर प्रबंध झाले, कापसावर झाले. परंतु केळी-कापूस पिकवणारा मनुष्य जेवून आडवा होतो तेव्हा त्याच्या देहभाराचे काय होते, हा प्रश्न विद्वज्जनांनी अस्पर्शित ठेवला. शाळेच्या भिंतीवर लवकर निजणाऱ्यास ज्ञान, आरोग्य व संपत्ती यांचे आश्वासन देणारे वचन रंगवलेले असते. वजनाविषयी तेथेही मौन आहे.

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे. विषय : निद्रा व देहभार यांचा कार्यकारणभाव. प्रयोजन : कमरेचा पट्टा कोणत्या भोकात अडकवावा याचा निश्चय. अधिकारी : ज्याने आयुष्यात एकदा तरी ‘मी झोपलो नव्हतो, नुसता डोळे मिटून पडलो होतो’ असे उच्चारले आहे तो. संबंध : प्रतिपाद्य-प्रतिपादक भाव, त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

पूर्वपक्ष व उत्तरपक्ष

या शास्त्राचे मूळ चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ या नावाने ओळखला जातो. देहदृष्ट्या निंद्य मानलेले आठ पुरुष तेथे मोजले आहेत : अतिउंच, अतिठेंगणा, अतिकेसाळ, केशहीन, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. पैकी शेवटच्या दोघांचा आचार्यांनी सविस्तर परामर्श घेतला आणि त्याच अध्यायात, त्याच दमात, निद्रेचे प्रकरण मांडले. वजन आणि झोप ही दोन प्रकरणे नसून एकच प्रकरण आहे, हे अध्यायाच्या रचनेतूनच सिद्ध होते. पुष्टी आणि कार्श्य दोन्ही निद्रेच्या अधीन आहेत, असे त्यांचे मत. कृशाला त्यांनी निद्रा सांगितली. कार्यांची चिंता सोडून, पौष्टिक खाऊन, भरपूर झोपणारा मनुष्य कसा फुगतो हे सांगताना त्यांनी वराहाचे उदाहरण दिले आहे. स्थूलाला उलट जागरण, व्यायाम आणि चिंतन सांगितले असून ही सर्व क्रमाक्रमाने वाढवावीत असा दंडक घातला आहे. म्हणजे प्राचीन मत स्पष्ट आहे : झोपाल तर वाढाल, जागाल तर वाळाल.

उत्तरपक्ष शिकागोचा. मनुष्याच्या अंतरंगात एक अखंड पंगत चालू असते आणि तिच्यात दोन संप्रेरके पानावर बसलेली असतात. त्यांतले लेप्टिन ‘पुरे’ म्हणते. ते १९९४ साली सापडले. घ्रेलिन ‘अजून वाढा’ म्हणते. ते १९९९ साली सापडले. २००४ साली शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तास आणि अन्य दोन रात्री दहा-दहा तास शय्येवर ठेवण्यात आले. अल्पनिद्रेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले आणि भूक २४ टक्क्यांनी वाढली. त्यातही गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची वासना प्रबळ झाली. म्हणजे अर्वाचीन मत : जागाल तर वाढाल.

दोन थोर परंपरा परस्परांच्या तोंडावर उभ्या ठाकल्या असता चोपडेकराने कोणत्या कुशीवर निजावे?

परिहार असा. चरकाचे जागरण एकटे येत नाही. त्याच्या एका हाताला व्यायाम असतो, दुसऱ्या हाताला चिंता. शिकागोचे जागरण एकाकी होते. त्या प्रयोगशाळेत चिखल तुडवून दांड फोडायचा नव्हता, मोटर बंद पडलेली नव्हती आणि कापसाच्या भावाचा विचार नव्हता. निरुपाधिक जागरण भूक वाढवते, सोपाधिक जागरण देह झिजवते, असा भेद मानल्यास दोन्ही आचार्य आपापल्या जागी निर्दोष ठरतात. प्रस्तुत लेखकाला हा परिहार पुरेसा वाटतो. ज्यांना वाटत नाही त्यांनी पुढील प्रकार पाहावेत.

निद्राप्रकार

चरकाने निद्रेचे सहा प्रकार केले : तमोगुणातून उद्भवणारी, कफातून उद्भवणारी, मन व शरीराच्या श्रमातून येणारी, आगंतुक, व्याधीच्या मागून येणारी आणि रात्रीच्या स्वभावातूनच येणारी. ही विभागणी सार्वदेशिक असल्याने तिच्यात स्थानिक भाजीपाला व वीजपुरवठा यांचा विचार नाही. तालुक्यापुरते पुढील प्रकार मानावे लागतात.

१. बट्टीजन्या. ही सर्व निद्रांची महाराणी होय. तिची सामग्री अशी : गव्हाचे रवाळ पीठ मोहन घालून घट्ट मळावे, त्याचे गोळे उकडावेत, गार झाल्यावर कापून तुकडे तळावेत. पानात ती बट्टी येते तेव्हा दगडासारखी निरुपद्रवी दिसते. भोक्ता ती मुठीने कुस्करतो, चुऱ्याच्या मध्यभागी बोटांनी आळे करतो, आळ्यात तुरीचे वरण पडते आणि वरणावर तूप. शेजारी घोटलेल्या वांग्यांची भाजी. यजमान तुपाचे भांडे घेऊन पंगतीतून फिरतो. ‘बस, बस’ असे म्हणत हात आडवा धरला जातो खरा, पण तो हात आळ्याच्या किंचित अलीकडे धरण्याची प्रथा असल्याने तूप पडण्यास प्रत्यवाय येत नाही.

भोजनोत्तर निद्रेचे आगमन तीन पायऱ्यांनी होते. प्रथम वाक्यलोप : ‘जिभाऊ, यंदा बागायतीचं असं झालंय की—’ एवढे बोलून वक्ता थांबतो आणि श्रोता पुढे विचारत नाही, कारण श्रोताही त्याच पायरीवर असतो. दुसरी वृत्तपत्रपतन : पान हातात असते, हात छातीवर उतरतो, पान मुखावर येते. तिसरीचे वर्णन साक्षीदाराअभावी करता येत नाही.

येथे एक गंभीर धर्मसंकट उद्भवते. चरकाने दिवसा झोपण्यास कोण पात्र याची दीर्घ यादी दिली आहे. अभ्यासाने थकलेले, ओझे वाहून थकलेले, वाट चालून थकलेले, वृद्ध, बालक, अजीर्ण झालेले, रागावलेले, भ्यालेले, शोकाकुल. आणि यादीच्या अंती, ज्यांना दिवसा झोपण्याची सवय आहे ते. हा अंतिम अधिकार इतका व्यापक आहे की त्यात संपूर्ण तालुका, पेठेसह, सहज सामावतो. परंतु त्याच अध्यायात ज्यांनी दिवसा कदापि झोपू नये त्यांचीही गणना आहे आणि तिच्यात मेदस्वी व नित्य स्निग्ध खाणारे हे दोघे येतात. बट्टीचा भोक्ता सवयीने पात्र आणि तुपाने अपात्र ठरतो. एकाच व्यक्तीच्या ठायी विधी व निषेध एकत्र आले असता मीमांसेत विकल्प मानण्याची सोय आहे. तालुक्याने हा विकल्प स्वीकारला असून तो नेहमी एकाच बाजूने वापरला जातो.

ऋतूचा आधारही घेतला जातो. ग्रीष्मात रात्री लहान असतात, देह शुष्क होतो, म्हणून त्या ऋतूत दिवानिद्रा प्रशस्त मानली आहे. अन्य ऋतूंत ती कफ व पित्त वाढवते. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा येथे ग्रीष्माच्या अस्तित्वाविषयी वाद नाही. वाद त्याच्या समाप्तीविषयी आहे. श्रावणात ‘उकाडा आहे’ म्हणून, कार्तिकात ‘ऑक्टोबरची हीट’ म्हणून आणि पौषात ‘ऊन छान पडलंय’ म्हणून ग्रीष्माची मुदत वाढवून घेतली जाते. पंचांगकर्त्यांनी याची दखल घ्यावी.

२. सेचनखंडिता. पहिलीच्या अगदी उलट. केळीला पाणी हवे, पाण्याला मोटर हवी, मोटरीला थ्री-फेज हवी आणि थ्री-फेज शेतीला चक्राकार पद्धतीने मिळते : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी झोपतो ते लाईट येण्याची वाट पाहत. ही झोप म्हणजे झोपेचे आगाऊ घेतलेले तुकडे. एक वाजता घरातला दिवा लागतो, कोणीतरी ‘उठ रे भो, लाईट आली’ म्हणते आणि बॅटरी व काठी घेऊन माणूस निघतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या शिवारात बिबट्याची धास्ती असते. म्हणजे चरकाने स्थूलासाठी सांगितलेली ही तीन द्रव्ये, जागरण, व्यायाम व चिंता, येथे शासकीय वेळापत्रकाने घरपोच मिळतात. या वर्गात अतिस्थूल पुरुष क्वचित् आढळतो. आढळलाच, तर त्याने मोटरीला ऑटो बसवला आहे असे अनुमान करावे.

मात्र शिकागोही येथे पूर्णतः पराभूत होत नाही. पहाटे तीनला बांधावर घ्रेलिन बोलते आणि त्याला उत्तर म्हणून फरसाणाची पुडी सुटते. गोड, खारट व पिष्टमय या तिन्ही वासना एका पुडीत आणि एका चहात शमतात, हे योगायोगाने घडत नाही.

कृषिपंपांना दिवसा सौरवीज देण्याची योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली. ती पूर्णत्वास गेल्यावर सेचनखंडिता लुप्त होईल. शिवाय दिवसाची वीज नेमकी बट्टीजन्येच्या वेळी येणार असल्याने त्या प्रकारावरही गंडांतर आहे. अभ्यासकांनी दोन्हींचे नमुने वेळीच नोंदवून ठेवावेत.

३. गच्चीशयना. उन्हाळ्यात सायंकाळी गच्चीवर पाणी शिंपडतात. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, तरी दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. झोप येण्यासाठी शरीराचे आतले तापमान उतरावे लागते आणि गच्ची ते उतरू देत नाही, म्हणून बारापर्यंत संभाषण चालते. मग वारा सुटतो, पहाटे गोधडी ओढली जाते आणि ती अंगावर नीट बसते न बसते तोच ऊन येते. प्रौढाने किमान सात तास झोपावे असे निद्रावैद्य सांगतात. गच्चीवर ते तास भरत नाहीत आणि उरलेली थकबाकी दुपारच्या खात्यात जाते. बट्टीजन्येचे खरे मूळ बट्टीत नसून गच्चीत आहे, असे प्रतिपादन करणारा एक पक्ष आहे. तो अल्पसंख्य आहे.

४. आसीना. ओट्यावर बसल्या बसल्या येणारी डुलकी. चरकाने तिच्याविषयी दिलेला निर्णय हा प्रस्तुत शास्त्राचा कळस होय : रात्रीचे जागरण रूक्ष, दिवसाची झोप स्निग्ध, पण बसून घेतलेली डुलकी रूक्षही नाही व स्निग्धही नाही. ती माणसाला वाढवत नाही, वाळवतही नाही. निद्राविश्वातील एकमेव भारनिरपेक्ष अवस्था ती हीच.

या वचनावरच ओटापंथाची स्थापना झाली आणि याच वचनावर तो दुभंगला. निःस्तंभ शाखा म्हणते : बसणे म्हणजे निराधार बसणे, मान पुढे पडावी, दचकून वर यावी, पुन्हा पडावी. या आंदोलनातच अल्प व्यायाम अंतर्भूत असल्याने भार वाढत नाही. सस्तंभ शाखा म्हणते : खांबाला पाठ टेकली तरी बैठक मोडत नाही, कारण बैठक पाठीवर नव्हे तर बैठकीवर अवलंबून आहे. येथवर मतभेद सह्य होता. पुढे सस्तंभांतील काहींनी पाठीमागे तक्क्या घेतला, मग पाय लांब केले, मग तक्क्या मानेखाली आला आणि तरीही ते स्वतःस आसीन म्हणवतात. निःस्तंभांनी त्यांना पंथबाह्य घोषित केले. पण घोषणेच्या वेळी ते निद्रिस्त असल्याने ती त्यांना पोचली नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले असेपर्यंत आसन मानावे. टाच उचलली की शयन.

५. परिवहननिद्रा. चोपडा-जळगाव एसटीत आढळते. हिच्यात झोपणाऱ्याचे वजन अंशतः शेजाऱ्याच्या खांद्यावर संक्रमित होते. एकूण भार कायम राहतो. वाहनप्रवासाने थकलेल्यास चरकाने दिवानिद्रेची अनुमती दिलीच आहे. शेजाऱ्याविषयी विधान नाही.

६. मोबाईलोत्तरा. मोबाईल नाकावर पडल्यावर सुरू होते. अद्याप नवीन असल्याने विवेचन पुढील पिढीवर सोपवावे.

प्रमाणविचार

निद्रेचे मापन दुष्कर आहे, कारण प्रत्यक्ष प्रमाण ज्याचे असावे तोच त्या वेळी अनुपस्थित असतो. परदेशात असे आढळले की लोक यंत्राने मोजलेल्या झोपेपेक्षा अधिक झोप सांगतात. चोपड्यात दुपारच्या झोपेबाबत नेमके विपरीत घडते. येथे सर्वत्र अपह्नव आहे. ‘आप्पा, उठा, चहा झाला’ या वाक्याला ‘जागाच आहे’ हे उत्तर घोरणे थांबल्याच्या पुढच्या क्षणी येते. म्हणून घोरणे हेच एकमेव विश्वसनीय साक्षिप्रमाण मानावे लागते आणि त्याची वैद्यकीय बाजू दुर्लक्षणीय नाही. गळ्याभोवती मेद साठला की श्वासमार्ग आकुंचित होतो. काहींचा श्वास झोपेत वारंवार, दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ थांबतो. झोप तुटते, दिवसा गुंगी येते, हालचाल घटते आणि मेद आणखी वाढतो. स्थूलतेने निद्रा बिघडते व बिघडलेल्या निद्रेने स्थूलता वाढते. हा अन्योन्याश्रय तर्कशास्त्रात दोष मानला जातो. देहात तो बिनदिक्कत चालतो. ज्याच्या घोरण्यात असे विराम पडतात त्याला ओटापंथाकडे न नेता वैद्याकडे न्यावे.

भाराचे मापन त्याहून बिकट. चोपड्यास रेल्वे नसल्याने स्टेशनवरच्या यंत्रातून वजन व भविष्य एकाच पुठ्ठ्यावर मिळण्याची सोय येथे कधी झाली नाही. परिणामी धान्याच्या दुकानातील काट्यावर उभे राहण्याची परंपरा रुजली. पण व्यापारी पोत्याचे वजन करताना बारदान वजा करतो. माणसाच्या बाबतीत बारदान कोणते आणि माल कोणता, याविषयी काटा निरुत्तर आहे. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा देहभार-निर्देशांक तंतोतंत समान, २२.३, परंतु युडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय आतून तुपाळ असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी अतिभाराची मर्यादा २५ वरून २३ वर आणली गेली.

झोप नेमकी येथेच हस्तक्षेप करते. शिकागोतच २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा अतिभारी व्यक्तींना मोजका आहार देऊन १४ दिवस साडेआठ तास आणि १४ दिवस साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. दोन्ही वेळा वजन सारखेच उतरले, सुमारे तीन किलो. परंतु कमी झोपेत त्यातला मेदाचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला. गेले ते बहुतांशी मेदेतर. काटा दोन्ही वेळा तेच बोलला, पण एका वेळी बारदान गेले होते आणि दुसऱ्या वेळी माल. २०२२ सालच्या आणखी एका प्रयोगात अपुरी झोप घेणाऱ्या ८० अतिभारी प्रौढांची रात्रीची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली, तर त्यांचे खाणे कोणी न सांगता दिवसाला सरासरी २७० किलोकॅलरींनी उतरले. तालुक्याच्या मापात हे ३० ग्रॅम तूप होते. अर्थात पंगतीत ‘बस’ म्हणताना हात आळ्याच्या नेमका वर यावा असे वाटत असेल, तर त्याची तयारी आदल्या रात्री दहाला करावी लागते. ही सव्वा तासाची भर रात्रीच्या झोपेत होती, दुपारच्या नव्हे, हा तपशील तक्क्याधारी मंडळी उद्धृत करताना नेहमी गाळतात.

अनिर्णित प्रश्न

शास्त्रात एक समस्या मात्र शिल्लक राहते आणि तिची नोंद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. लग्नाहून परतणाऱ्या कुटुंबातील मूल एसटी स्टँडपासून घरापर्यंत जागे असताना कडेवर हलके असते. वाटेत झोपले की जड होते. तालुक्यातील प्रत्येक मातेचा हा अनुभव आहे आणि त्यास अपवाद सापडलेला नाही. पित्याचाही अनुभव तोच असता, परंतु मूल झोपताच ते पुन्हा मातेकडे देण्याची चाल असल्याने त्याच्याजवळ सलग निरीक्षणे नाहीत.

यावर दोन मते आहेत. निद्राभारवृद्धिवादी म्हणतात : झोप ही स्वतः द्रव्य असून तिला वजन आहे, म्हणूनच ती ‘उतरते’ आणि ‘चढते’. संश्लेषवादी म्हणतात : जागे मूल मानेला मिठी मारते, पायांनी कंबर धरते आणि आपला भार वाहणाऱ्याच्या अंगालगत ठेवते, निजल्यावर मिठी सुटते, मान व हातपाय लोंबतात, भार देहापासून दूर जातो आणि तोच भार सांभाळण्यास बाहूंना अधिक जोर लागतो. दुसरे मत युक्तिवादाने बळकट आहे, पण पहिल्याच्या पाठीशी मातांचे बहुमत आहे. वादाचा निकाल प्रयोगानेच लागू शकेल : मुलाला जागेपणी तोलावे, मग निद्रिस्त स्थितीत तोलावे आणि दोन आकडे ताडून पाहावेत. धान्याच्या दुकानात असे यत्न झाले आहेत. पहिला आकडा दरवेळी मिळतो. दुसऱ्यासाठी मूल काट्यावर टेकवताच ते जागे होते.